डोळ्यांनी मोजले वीस, पडद्यावर एकतीस: वर्गात बनवायचा पर्जन्यमापक

आर्डुइनोचा, म्हणजे कोड चढवून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाचा, पहिला तास म्हटला की एलईडी लुकलुकवायचा, हे जणू ठरलेलंच आहे. मला तो धडा फारसा पटत नाही. तयार कोड चढवला, दिवा लागला-विझला, टाळ्या झाल्या. कोडमध्ये काय लिहिलंय ते न वाचताही दिवा लुकलुकतोच. चूक व्हायला जागा नाही, त्यामुळे विचार करायलाही जागा नाही. सदतीस सेन्सरांच्या पेटीचंही तेच. दर आठवड्याला नवा सेन्सर, नवा तयार कोड, आणि वर्षअखेर मुलांना फक्त सेन्सरांची नावं पाठ.

त्यापेक्षा एकच वस्तू घ्यावी आणि ती सहा-सात तास पुरवावी. वस्तू अशी हवी की तिचं खरं उत्तर मुलाला डोळ्यांनी मोजता येईल. मग कोड चुकला की मूल स्वतःच म्हणतं, ‘अरे, मी तर वीस वेळा पाहिलं, हा एकतीस कसं सांगतोय?’ मुंबईत जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा अशी वस्तू आयतीच आभाळातून पडत असते. म्हणून पर्जन्यमापक, तोही पन्हळ कलंडणारा. स्वयंचलित हवामान केंद्रांतही बहुधा याच तत्त्वाचं यंत्र असतं. नरसाळ्यातून पाणी एका छोट्या दोन कप्प्यांच्या पन्हळीत पडतं, वरचा कप्पा भरला की पन्हळ दुसऱ्या बाजूला कलंडते आणि रिकामी होते. किती वेळा कलंडली ते मोजलं की पाऊस मोजला.

सामान

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चार-चार जणांचे दहा गट. प्रत्येक गटाला एक युनो बोर्ड (आर्डुइनोचाच एक प्रकार), त्याची केबल, छोटा ब्रेडबोर्ड (भोकांत वायरी खोचून जोडणी करायची पाटी), दहा जंपर वायरी, दोन रीड स्विच (एक फुटतोच), ८ ते १० मिलिमीटरचा एक चकतीसारखा चुंबक आणि सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज. अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेतली कार्यशाळा) असलेल्या शाळेत यातलं बरंच आधीच कपाटात असेल. नसेल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायचा. रविवारी बहुतेक शटरं बंद असतात, म्हणून शनिवारी जा. युनोची नक्कल चालते, पण तिच्यात यूएसबीसाठी बहुधा सीएच-३४० चिप असते आणि जुन्या विंडोज लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. हे काम मुलं वर्गात येण्याआधी उरकून ठेवा. केबल निवडतानाही लक्ष द्या. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, लॅपटॉपला मात्र पोर्ट दिसत नाही आणि अर्धा तास ‘बोर्ड खराब आहे’ या समजुतीत जातो. डेटा जाणाऱ्या केबलींना रंगीत टेप लावून ठेवली की हा घोळ होत नाही.

रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळीच्या अगदी कडेला पाय वाकवला की काच तडकते. वाकवायचाच तर नळीपासून तीन-चार मिलिमीटर सोडून, मधला भाग चिमट्यात धरून. याहून सोपा मार्ग म्हणजे दारा-खिडक्यांच्या अलार्मचा मॅग्नेटिक सेन्सर घेणे. त्यात हाच रीड प्लास्टिकच्या डबीत बसवलेला आणि वायर जोडलेला मिळतो. त्याच्याबरोबरचा चुंबक मात्र पन्हळीला जड होतो, छोटा वेगळाच घ्या.

पन्हळीसाठी फाइलच्या कव्हरचं प्लास्टिक वापरू नका. त्यावर कुठलाच गोंद नीट धरत नाही आणि दोन तासांनी दोन कप्प्यांमधला पडदा सुटून हातात येतो. भिंतीवरच्या वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी उत्तम. पंचवीस मिलिमीटर रुंदीची घ्या, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. तिला पन्हळीचा आकार आधीच आहे, आणि फेव्हिक्विकने पीव्हीसी घट्ट चिकटतं. बारा सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, बरोबर मध्ये त्याच पीव्हीसीचा आडवा पडदा चिकटवायचा आणि पडद्याच्या कडा गळत नाहीत ना ते पाहायचं. दोन्ही टोकं उघडीच ठेवायची. मुलं हमखास विचारतात, ‘टोकं उघडी ठेवली तर पाणी सांडणार नाही का?’ नाही. जो कप्पा वर असतो त्याचा तळ मधल्या पडद्याकडे उतरता असतो, म्हणून पाणी पडद्यापाशी साचतं. हे बोलून समजावत बसण्यापेक्षा पट्टी हातात तिरकी धरून सिरिंजने दोन थेंब सोडायला सांगा.

आस पन्हळीच्या खाली, बरोबर पडद्याखाली हवी. लॉलीपॉपची पोकळ काडी तिथे आडवी चिकटवून तिच्यातून सरळ केलेली पेपरक्लिप घालायची. आस पन्हळीच्या वर टांगली तर सगळंच फसतं, कारण वजन आसाच्या खाली लोंबकळतं, पन्हळ तराजूसारखी मध्येच स्थिरावते आणि पाणी दोन्हीकडून गळत राहतं. वजन आसाच्या वर असलं तरच ती कुठल्या तरी एका बाजूला पडते. एखाद्या गटाने ही चूक केली तर लगेच दुरुस्त करू नका. बाकीच्या गटांना येऊन पाहू द्या.

दोन्ही टोकांखाली एकेक पितळी स्क्रू लावा, म्हणजे पन्हळ त्यावर टेकेल. लोखंडी नको. एका टोकाला चुंबक लावायचा आहे, तो लोखंडी स्क्रूला धरून बसतो आणि पन्हळ उठतच नाही. शिवाय आपल्या हवेत लोखंड आठवड्याभरात गंजतं. चुंबकाच्या वजनाइतकाच एम-सीलचा गोळा दुसऱ्या टोकाला लावायला विसरू नका, नाहीतर एक कप्पा लवकर आणि दुसरा उशिरा कलंडतो.

पाच मिली म्हणजे एक मिलिमीटर

नरसाळं म्हणजे एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग, उलटा केलेला. बाटलीचा जो भाग सरळ उभा आहे तिथेच कापायचा. अशा बाटलीचा व्यास बऱ्याचदा ८ सेंटीमीटरच्या आसपास असतो. गृहीत धरू नका. कापलेल्या कडेभोवती दोरा गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा २५.१ सेंटीमीटर भरला तर व्यास ८, त्रिज्या ४, आणि तोंडाचं क्षेत्रफळ ५०.२ चौरस सेंटीमीटर.

आता गंमत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर. ५० चौरस सेंटीमीटर गुणिले ०.१ सेंटीमीटर, म्हणजे ५ घनसेंटीमीटर, म्हणजेच ५ मिली. औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज या नरसाळ्यात रिकामी केली की एक मिलिमीटर पाऊस पडला! बाटलीचा व्यास वेगळा निघाला तर हे सुटसुटीत नातं राहत नाही, पण हिशेब तोच.

सिरिंज किती वेगाने दाबायची यालाही अर्थ आहे. तीस सेकंदांत एक सिरिंज म्हणजे तासाला १२० मिलिमीटरचा पाऊस, म्हणजे रस्ते तुंबवणारा. याहून जोरात दाबलं तर पन्हळ कलंडत असतानाच पाणी वरून पडत राहतं आणि ते मोजलंच जात नाही. खरे पर्जन्यमापकही फार जोराच्या पावसात याच कारणाने थोडा कमी पाऊस दाखवतात.

एका गटाने सलग दहा सिरिंजा सोडायच्या आणि पन्हळ किती वेळा कलंडली ते डोळ्यांनी मोजून वहीत लिहायचं. दहा सिरिंजा म्हणजे दहा मिलिमीटर. वीस वेळा कलंडली तर प्रत्येक वेळी ०.५ मिमी, अठरा वेळा कलंडली तर ०.५६. स्क्रू वर उचलला की पन्हळीचा उतार कमी होतो आणि ती कमी पाण्यात कलंडते, खाली घेतला की जास्त पाणी लागतं. सगळ्या गटांचे आकडे सारखे यावेत म्हणून धडपडू नका. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळाच असतो आणि तो त्याच यंत्रावर मार्करने लिहायचा असतो.

इथवर लॅपटॉप उघडलेलाच नाही. दोन तास गेले तरी हरकत नाही.

खटका, आणि चुकणारा कोड

जोडणी अगदीच सोपी आहे. रीडचा एक पाय पिन २ला, दुसरा ग्राउंडला. पिन ० आणि १ टाळा, लॅपटॉपशी बोलणं त्यांच्यावरूनच चालतं. पिन २ ‘इनपुट-पुलअप’ म्हणून जाहीर करायची, म्हणजे रीड सुटलेला असताना बोर्डच्या आतला रोधक तिला ५ व्होल्टला ओढून धरतो आणि रीड चिकटला की ती शून्यावर येते. नुसतं ‘इनपुट’ लिहिलं तर पिन अधांतरी राहते. हे एकदा मुद्दाम करून दाखवा. वायरच्या उघड्या टोकाला बोट लावलं, विशेषतः लॅपटॉप चार्जिंगला असताना, की पाऊस न पडताच आकडा धावायला लागतो. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची लहर आपल्या अंगातून पिनवर पोचते. मुलांना हे भुताटकीसारखं वाटतं आणि त्यानंतर पुलअप कुणी विसरत नाही.

पन्हळीचं चुंबकाचं टोक खाली टेकलं की चुंबक रीडपासून सेंटीमीटरच्या आत यायला हवा. इथे एक खोड आहे. चकतीचं तोंड काचनळीच्या बरोबर मध्यावर आलं तर रीड चिकटतच नाही, कारण मध्यावर दोन्ही पट्ट्यांवरचा परिणाम एकमेकांना मारतो. चुंबक नळीच्या एका टोकाकडे सरकवा. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून आधी हे तपासा आणि मगच रीड चिकटवा.

पहिला कोड मुलांनाच सुचवू द्या. जवळजवळ प्रत्येक गट हेच सांगतो: ‘रीड चिकटलेला असेल तर आकडा एकने वाढव.’ तोच चढवा. पन्हळ उजवीकडे असेपर्यंत सगळं शांत. डावीकडे कलंडली की आकडा शेकड्यांनी पळायला लागतो, परत उजवीकडे गेली की थांबतो.

आता लॅपटॉप मिटायचे. तीन मुलं पुढे बोलवा. एक पन्हळ झालेला, हात वर म्हणजे रीड चिकटला. दुसरा लूप, म्हणजे कोडचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, तो भराभर ‘वाच! वाच! वाच!’ म्हणत राहतो. तिसरी फळ्यापाशी, प्रत्येक ‘वाच’ला हात वर दिसला की एक रेघ. पहिल्याने हात एकदाच वर करून तसाच ठेवला की फळा रेघांनी भरतो. मग वर्गाला विचारा, पन्हळ कितीदा कलंडली? एकदा. मग तिसरीने कशाकडे पाहायला हवं होतं? थोड्या गोंधळानंतर कुणीतरी म्हणतं की आत्ताचा हात आणि मघाचा हात वेगळा असेल तेव्हाच रेघ. ‘मघाचा हात’ लक्षात ठेवायला एक व्हेरिएबल लागतो, हे शब्द त्यानंतर यावेत. व्याख्या आधी आणि गरज नंतर, असं झालं की व्हेरिएबल म्हणजे फक्त ‘डबा’ एवढंच डोक्यात राहतं.

दुसरा कोड: मघाची स्थिती आणि आत्ताची स्थिती वेगळी असेल तर एकने वाढव आणि आत्ताची स्थिती ‘मघाची’ म्हणून ठेव. पन्हळ कुठल्याही बाजूला कलंडली तरी स्थिती बदलते, त्यामुळे प्रत्येक कलंडणं एकदाच मोजलं जाईल, असं वाटतं. दहा सिरिंजा सोडा. वहीत वीस, पडद्यावर एकतीस. पुन्हा केलं तर सत्तावीस.

सगळ्यात मोलाची चूक हीच. रीडच्या पट्ट्या चिकटताना एकदाच चिकटत नाहीत. टेबलावर टाकलेल्या नाण्यासारख्या क्षणभर थरथरतात. हे सगळं मिलिसेकंदाच्या आसपास संपतं, डोळ्याला काहीच दिसत नाही, पण युनो तेवढ्या वेळात पिन कितीतरी वेळा वाचून मोकळा होतो. शिवाय पन्हळ स्क्रूवर आपटून किंचित उसळते, त्याचीही भर पडते. (मायक्रोबिट हा एरवी फार गुणी बोर्ड आहे, लहान वर्गांना तोच द्यावा. पण त्याच्या ब्लॉकमधला ‘कायम’ लूप प्रत्येक फेरीनंतर छोटीशी विश्रांती घेतो, त्यामुळे ही थरथर बऱ्याचदा झाकली जाते. या धड्यासाठी युनो घ्यायचं कारण तेच.)

उपाय: एकदा मोजलं की ३०० मिलिसेकंद डोळे मिटायचे. त्यासाठी ‘डिले’ (तेवढा वेळ कोड थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरला तर जाणकार नाक मुरडतात, पण या यंत्राला दुसरं कामच नाही, तेव्हा बिनधास्त वापरा. ३००च का, हे मात्र मुलांकडून काढून घ्या. तासाला १०० मिमीच्या पावसात ०.५ मिमीची पन्हळ दोनशे वेळा कलंडेल, म्हणजे अठरा सेकंदांत एकदा. तेव्हा पाव-अर्धा सेकंद डोळे मिटल्याने एकही कलंडणं चुकत नाही. कुणी पाच हजार लिहिलं तरी पावसात चालेल, फक्त चाचणीला हाताने पन्हळ भराभर हलवली की आकडा मागे पडेल. तेही करून पाहू द्या.

पुढे बझर जोडायचा असेल तर ‘डिले’ अडतो आणि घड्याळ बघून मोजावं लागतं. तिथे एक सापळा आहे. ‘शेवटचं कधी मोजलं’ ही वेळ साध्या ‘इंट’मध्ये, म्हणजे छोट्या पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये, ठेवली तर युनोवर त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. मिलिसेकंदांत हे जेमतेम बत्तीस-तेहतीस सेकंद झाले. सुरू केल्यावर अर्धा मिनिट यंत्र शहाण्यासारखं मोजतं आणि मग एकतीस, सत्तावीस पुन्हा सुरू! मुलं वायरी हलवत बसतात, पण वायरीचा दोष नसतो. तो व्हेरिएबल ‘अनसाइन्ड लाँग’, म्हणजे मोठे आकडे मावणारा, करा.

तसंच मिलिमीटर काढताना. दहा भागिले अठरा असं कोडमध्ये लिहिलं की उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गाळला जातो. कितीही पाणी ओता, पाऊस शून्य. १०.० लिहा.

पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं आली तर कोडमधला वेग आणि सिरियल मॉनिटरचा (लॅपटॉपवर बोर्डाचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीचा) वेग एकच आहे का बघा, एवढंच.

वर्ग सांभाळताना

पस्तीस मिनिटांच्या तासात सामान वाटण्यात आणि गोळा करण्यात दहा मिनिटं जातात, म्हणून जोडतास मागून घ्या. प्रत्येक गटाचं सामान झाकणाच्या एका डब्यात, झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या पावसाळ्यात दमट हवेने काळ्या पडतात आणि जोडणी मध्येच तुटायला लागते.

चौघांची कामं दर तासाला बदलायची: वायरी, कीबोर्ड, पाणी, वही. नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच कीबोर्ड धरून बसतो आणि एखादी मुलगी वर्षभर फक्त वही लिहिते. वहीत तीनच गोष्टी: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय बदललं. एका वेळी एकच बदल. शिक्षकांनी ब्रेडबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यात अवघड जातो.

पाणी एका टेबलावर परातीत, लॅपटॉप दुसऱ्या टेबलावर. मीटरभर वायर दोघांना पुरते. रिले आणि घरच्या विजेचा पंप या प्रकल्पात आणूच नका, कितीही आग्रह झाला तरी.

गच्चीवर

एकच यंत्र गच्चीवर लावा, सगळ्यात नीट मोजणारं. टाकी आणि कठड्यापासून दूर, नाहीतर वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस त्यांना अडतो. नरसाळ्यात मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बसवा, पानं आणि कबुतरांची मेहेरबानी अडते. बोर्ड आणि लॅपटॉप खालीच ठेवायचे. यूएसबी केबल लांबवू नका, पाच मीटरच्या पुढे ती बेभरवशाची होते. रीडच्या दोन वायरी लांबवा. जुन्या लॅन केबलमधली पिळलेली एक जोडी घ्या, आणि पिन २ व ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक लावा. आतला पुलअप लांब वायरीला कमजोर पडतो.

आणि एक खट्याळ गोष्ट. सिरियल मॉनिटर उघडला की युनो रीसेट होतो. म्हणजे आकडा बघायला गेलं की आकडाच शून्य! एक तर मॉनिटर उघडाच ठेवा, नाहीतर दर दहा कलंडण्यांनी आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या बोर्डावरच्या मेमरीत) लिहा. तिथल्या एका जागेवर साधारण एक लाख वेळा लिहिता येतं, शाळेला पुष्कळ झालं.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. तीच वेळ पाळली तर खात्याच्या सांताक्रूझ आणि कुलाबा केंद्रांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं. जुळणार नाहीतच, आणि ‘मग आपलं यंत्र चुकलं का?’ हा प्रश्न येईल. त्यासाठी २६ जुलै २००५ फळ्यावर मांडा. त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आपल्या ०.५च्या पन्हळीची १,८८८ कलंडणी. कुलाब्यात मात्र त्याच दिवशी शंभरही नाही. खात्याच्या भाषेत ६४.५च्या पुढे ‘जोरदार’, ११५.६पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. या तीन पायऱ्यांवर तीन वेगळे बझर वाजवायचा कोड मुलं स्वतःहून मागतात.

सकाळच्या अधिवेशनात साडेआठला मधल्या सुट्टीआधीचा तास चालू असतो, म्हणून आकडा लिहायला एक जोडी ठरवून तिला पाच मिनिटं वर्गाबाहेर सोडायची परवानगी आधीच घ्या. रविवारी कुणी नसतं. सोमवारचा आकडा दोन दिवसांचा आहे, असंच वहीत लिहायचं. दोनने भागून दोन रकान्यांत घालायचा नाही.